थोरली आणि मागचा टेम्पो

ज्यांना गोंदियाचं वर्णन वाचायचं आहे त्यांनी ते दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं. जुन्या फटफट्यांच्या त्या दौडीत रत्नागिरीच्या समुद्रापासून गोंदियापर्यंत पोचलेले बरेच जण आहेत, आणि पोचलेल्या माणसाला वर्णनाची हौस असतेच. आम्ही परभणी जिल्ह्यात बाद झालो. तेव्हा हे वर्णन परभणी जिल्ह्याचं आहे. तेही मानवत ते चारठाणा एवढ्याच पट्ट्याचं, आणि तेही साइडकारमधून, म्हणजे जमिनीपासून हातभर उंचीवरून पाहिलेलं. या उंचीवरून देवळांचे कळस फारसे दिसत नाहीत, पण म्हशींशी ओळख चांगली होते.

आम्ही म्हणजे मी, माझी नणंद शालनताई आणि थोरली. थोरली ही फटफटी. माझे सासरे चिपळूणच्या आसपासच्या खेड्यांतून डॉक्टरकी करायचे. त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा ताईंचा जन्म व्हायचा होता, म्हणून घरात तिचं नाव थोरली. जिने ती बनवली ती कंपनी कधीच बंद पडली, आणि गेलेल्यांबद्दल वाईट लिहू नये म्हणून मी तिचं नाव लिहीत नाही. साइडकारमध्ये पूर्वी सासऱ्यांचा कंपाउंडर बसायचा, औषधांची पेटी मांडीवर घेऊन. आता मी बसते, पान्यांची आणि प्लगांची पेटी मांडीवर घेऊन.

सासऱ्यांनी थोरलीवरून घाट कधी ओलांडला नाही. 'एकदा पलीकडे काय आहे ते बघून येऊ' असं ते म्हणत राहिले आणि पेशंट काही संपले नाहीत. ताईंनी चिपळुणात आयुष्यभर रक्त-लघवी तपासायची लॅब चालवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी थोरली गोठ्यातून बाहेर काढली आणि जाहीर केलं की बाबांचं राहिलेलं पलीकडचं आपण बघून येणार. त्यांच्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, 'वय काय आपलं' असं विचारलं. ताईंनी स्वतःचं वय सांगितलं, मग त्याचं सांगितलं, आणि विषय संपला.

ताईंना खोटं बोलता येत नाही. तत्त्व वगैरे काही नाही, सवयच नाही. कुणाची साखर किती आली हे त्या ज्या आवाजात सांगत, त्याच आवाजात त्या स्वयंपाकाबद्दलही बोलतात. माझं उलट आहे. मी लग्नपत्रिका छापते. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ मी इतक्या वेळा छापली आहे की खऱ्याखोट्याबद्दल माझं मत बरंच मवाळ झालं आहे.

आयोजकांना 'शर्यत' हा शब्द आवडत नव्हता. ते 'सहनशक्तीची दौड' म्हणायचे. कुणाची सहनशक्ती, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. नियम मात्र कडक होते. आखून दिलेल्या रस्त्यानेच जायचं, गाडीने स्वतःच्या बळावर जायचं, आणि ज्यांची गाडी एकदा मागच्या टेम्पोत चढली ते बाद, पुढे त्यांना कुठे उतरवायचं ते टेम्पोवाल्याने बघायचं. हा टेम्पो सगळ्यात शेवटच्या गाडीच्या मागे चालायचा. निघाल्यापासून आम्हीच शेवटचे असल्यामुळे त्याचा आणि आमचा सहवास फार. दर थोड्या टप्प्याने टेम्पो आणि ड्रायव्हर बदलत, पण आमच्याकडे बघण्याची नजर तीच राहायची. ताई त्या सगळ्यांना सरसकट 'गिधाड' म्हणत.

मानवत

मानवतला आमचा मुक्काम एका जिनिंगच्या पाहुण्यांच्या खोलीत होता. सकाळी बाहेर आलो तर अंगणात कापसाचे डोंगर, आणि बाकीच्या सगळ्या फटफट्या केव्हाच निघून गेलेल्या. आमच्याकडे एवढं पांढरं फक्त धुक्यात दिसतं. इथे ते वजन करून विकतात.

स्टँडाजवळच्या हॉटेलात नाश्त्याला शिरलो. काय आहे, असं ताईंनी विचारलं.

"सुशीला हाय," मालक म्हणाला.

"असू दे. खायला काय आहे?"

"तेच की. सुशीला."

सुशीला बशीतून आली. भिजवलेले चुरमुरे, त्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. पोह्यांपेक्षा हलकी आणि कुठल्याही सुशीलेपेक्षा तिखट. आम्ही खात असताना शेजारच्या टेबलावरच्या एका अनोळखी शेतकऱ्याने आपल्या बशीतली दोन भजी उचलून आमच्या बशीत ठेवली आणि विचारलं, "कुठं चाललाव?" चिपळुणात आम्ही असं करत नाही. आम्ही आधी 'कुठे चाललात' विचारतो, आणि लांब निघालेत असं कळलं तरच भजी पुढे करतो, म्हणजे ते घाईत 'नको' म्हणतात.

बाहेर नवा टेम्पो उभा होता. ड्रायव्हर पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या, सदऱ्याच्या आत गळ्यात शिवलिंगाची चांदीची डबी. हात जोडून म्हणाला, "मी नागनाथ. जिंतूरपतूर तुमच्या मागं मीच हाय. मोठ्या ताई, दहापतूर पोचू ना जिंतूरला?"

"ते थोरलीला विचारा," ताई म्हणाल्या.

तो माझ्याकडे बघू लागला. मी गाडीकडे बोट दाखवलं. त्याने गाडीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा जरा उतरल्यासारखा मला वाटला. थोरलीने त्या दिवशी चालू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. ताई किक मारत होत्या, मी प्लग पुसून देत होते, आणि नागनाथअप्पा (पुढे मी त्यांना अप्पाच म्हणू लागले, त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात) टेम्पोच्या पायरीवर बसून मोबाइलमध्ये वेळ बघत होते.

परभणी, मग बोरी

मानवत सोडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन. आमच्या लाल मातीची सवय असलेल्या माणसाला ती जमीन भाजलेली वाटते. प्रत्यक्षात ती भलतीच श्रीमंत आहे. कापूस, तूर, परत कापूस. कापसाच्या भरलेल्या गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहिला होता. आम्हाला एस.टी.ने मागे टाकलं, कापसाच्या टेम्पोंनी टाकलं, आणि दुधाच्या कॅना बांधलेल्या एका सायकलवाल्यानेही टाकलं. जाता जाता त्याने वळून रामराम केला.

मागचा टेम्पो तेवढा मागे राहिला. पण आम्ही थांबलो की अप्पा खाली उतरून येत.

"मोठ्या ताई, इंजिन तापलं आसल. चढवायची का वर?"

"नको."

परभणीच्या बाहेर चहाला थांबलो तेव्हा ते परत आले. स्वतः चहा घेतला नाही. "म्होरली सडक लय खराब हाय. खोदून ठिवलीय. हाडं खिळखिळी होतील. चढवा, सावलीत बसून जाल."

पुढचा रस्ता नवा कोरा सिमेंटचा निघाला. "बघितलंस मीना?" ताई मला म्हणाल्या, "गिधाड."

पुढच्या थांब्याला अप्पा म्हणाले, "गाडीतून धूर निघायलाय, ताई."

"माझ्या जन्माच्या आधीपासून निघतोय," ताई म्हणाल्या, आणि पाठ फिरवून त्यांनी हेल्मेट चढवलं.

खरी गोष्ट अशी की त्या दिवशी थोरली कधी नव्हे इतकी छान चालली होती. घाटात ती खोकली होती, बीडच्या बाजूला दोनदा बसली होती, पण परभणी सुटल्यावर तिला जणू आपलं वय विसरायला झालं. ताई गुणगुणायला लागल्या. मी लग्न होऊन त्या घरात आले त्याला आता तीस वर्षं होतील. ताईंना गुणगुणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. फारसं सुरात नव्हतं.

बोरीजवळ माझे पाय इतके आखडले की मी थांबायची विनवणी केली. रस्त्याकडेच्या आखाड्यावर (तिकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात) एक बाई चुलीवर तुरीच्या शेंगा उकडत होती. तिने न विचारता ओंजळभर शेंगा माझ्या पदरात टाकल्या. त्या खाऊन मला तहान लागली, आणि आमचं पाणी संपलं होतं, म्हणून मी टेम्पोकडे गेले. केबिनचं दार उघडं होतं. आत हँगरला प्लॅस्टिकच्या पिशवीत इस्त्री केलेला पांढरा सदरा लटकत होता. सीटवर गुलाबी फेटा आणि पेढ्यांचे खोके. अप्पा पलीकडे उभे राहून फोनवर बोलत होते.

"न्हाई, बोरीलाच हाय अजून... पावण्यांला परत एकदा च्या द्या... माज्यासाठी थांबू नका म्हना." मग फोन दुसऱ्या कानाला लावून म्हणाले, "न्हाई, न्हाई. थांबा म्हना."

फोन ठेवून वळले तर समोर मी. विचारलं, घरी काही कार्य आहे का?

"पोरीचा साखरपुडा हाय, ताई. चारठाण्याला. बाराला."

तेव्हा अकरा वाजून गेले होते. "मग तुम्ही इथे काय करताय?" मी म्हणाले.

"आयोजक सायबांनी सांगितलं व्हतं, शेवटची गाडी धाला जिंतूर सोडती. तिथून म्होरं दुसरा टेम्पो. म्हनलं, धाला सुटलो की अकराला घरी. म्हून घेतलं काम." त्यांनी थोरलीकडे पाहिलं. रागाने नव्हे, पाऊस लांबल्यावर आभाळाकडे बघावं तसं. "सायबांनी ह्या गाडीचा इचार केला नव्हता."

"साहेबांना सांगा की."

"सांगितलं. शेवटची गाडी सोडून हालायचं न्हाई म्हनले."

एवढ्यात ताई आल्या. त्यांनी मागचं सगळं ऐकलं होतं. "तुम्ही जा," त्या म्हणाल्या, "आमचं आम्ही बघू. विचारलं तर मी सांगेन साहेबांना."

"आन् गाडी बंद पडली तर? दोन बाया मानसं सडकंवर सोडून गेलो, तर पावण्यांनी इचारल्यावर काय सांगू? आज सोयरीक जोडायलोय, ताई. बाप कसा मानूस हाय, ते बघायलाच आलेत ते."

"हे सकाळी का नाही सांगितलंत?"

अप्पा थोडे घुटमळले. "सांगनार व्हतो. दोनदा आलो सांगायला. तुमी तोंड फिरवून घेतलं."

ताईंनी हेल्मेट चढवलं, काढलं, परत चढवलं.

"चला, निघू," अप्पाच म्हणाले. "जिंतूरला दुसरा टेम्पो हाय. तवर माजा भाऊ हाय घरी, मंडळी हाय. निसता बाप न्हाई, येवढंच."

जिंतूर

बोरी ते जिंतूर ताईंनी थोरली जशी हाकली तशी ती सासऱ्यांनीही, अगदी अडलेल्या बाळंतिणीकडे जाताना, हाकली नसावी. साइडकारच्या पत्र्याला दोन्ही हातांनी धरून मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे या भागातल्या निसर्गाबद्दल मला काही लिहिता येणार नाही.

जिंतूरच्या नाक्यावर आयोजकांचा एक कार्यकर्ता टेबल दुमडायच्या बेतात होता. आम्हाला पाहून त्याने टेबल परत उभं केलं, शिक्का मारला आणि मनापासून अभिनंदन केलं. आम्ही अजून वेळेत होतो. ताईंनी पहिल्यांदा विचारलं ते दुसऱ्या टेम्पोचं.

"तो गेला ना हिंगोलीला," तो आनंदाने म्हणाला. "दोन गाड्या बंद पडल्या होत्या, त्या घेऊन गेला. काळजी करू नका, हाच टेम्पो हिंगोलीपर्यंत तुमच्या मागे राहणार. साहेबांचा निरोप आहे."

अप्पांनी ऐकलं. "बरं," म्हणाले. फडकं काढून टेम्पोची पुढची काच पुसायला लागले. काच स्वच्छ होती. ते पुसत राहिले.

ताईंनी ते पाहिलं. थोरलीला एका किकमध्ये चालू केलं आणि आम्ही येलदरीच्या रस्त्याला लागलो. जिंतूरची शेवटची दुकानं मागे पडली.

साइडकार डाव्या बाजूला असते आणि माझं डोकं पेट्रोलच्या टाकीच्या बरोबर समोर येतं. त्यामुळे पुढचं मी सोडून कुणाला दिसलं नसतं. ताईंचा डावा हात हँडलवरून सुटला, टाकीखाली गेला आणि त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला. हात परत हँडलवर. नजर रस्त्यावर. थोरली होतं तेवढ्या पेट्रोलवर जरा वेळ चालली, मग अडखळली, आणि एका निंबाखाली जाऊन उभी राहिली.

"अरे," ताई म्हणाल्या. "काय झालं. बंद पडली."

लॅबचा रिपोर्ट वाचावा तशा त्या हे बोलल्या. मग उतरून त्यांनी किक मारली. इतकी हळू किक मी पाहिली नव्हती. अप्पा धावत आले. इंजिनापाशी वाकले. त्यांची नजर कॉकवर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी खांद्यावरचं फडकं घेतलं, कॉक पुसला, उघडला मात्र नाही.

"लय जुनं इंजिन," ते म्हणाले. "ह्याला इलाज न्हाई, ताई."

"नाही ना?"

"न्हाई."

"मग चढवा."

फळ्या लावून गाडी चढवायला शेतातून चार माणसं आली. त्यातला एक ढकलता ढकलता खाली वाकला. "मामा, ह्याचा कॉक बंद हाय की."

"तू ढकल," अप्पा म्हणाले.

केबिनमध्ये आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. टेम्पो वळला आणि जिंतूर ओलांडून चारठाण्याकडे, म्हणजे गोंदियाच्या अगदी उलट दिशेला निघाला. ताई समोर बघत होत्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला, मग जरा वेळाने माझ्या मांडीवरून पेटी काढून स्वतःच्या मांडीवर घेतली. कंपाउंडरचं काम त्यांनी आजवर कुणासाठी केलेलं मला माहीत नाही.

चारठाणा

चारठाण्यात जुनी देवळं इतकी आहेत की गावालाही त्यांची मोजदाद ठेवायचा कंटाळा आलेला दिसतो. आमच्याकडे असा एक कोरीव खांब सापडला तर त्याला कुंपण, पाटी आणि समिती असती. इथे तसल्या एका दगडाला पाठ टेकून एक आजोबा लसूण सोलत बसले होते. पाठीला आराम पडावा म्हणूनच ते नक्षीकाम केलं असावं, इतके निवांत.

मांडव दारातच होता. अप्पांनी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबवून सदरा बदलला, फेटा बांधला. फेट्याचं टोक मी धरलं. मांडवात शिरलो तर पाव्हणे रांगेने बसलेले, आणि नवऱ्या मुलाचे मामा सगळ्यांपासून दूर एका खुर्चीवर, रुसण्याच्या जय्यत तयारीत. त्यांचं रुसणं बरंच पुढे गेलं होतं, ते आता मागे घ्यायला लागणार म्हणून त्यांना वाईट वाटलेलं स्पष्ट दिसलं.

अप्पांच्या मंडळी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या. "आलाव का," एवढंच म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

"ह्या कोन?" मामांनी आमच्याकडे बघून विचारलं.

"माज्या ताई हायत," अप्पा म्हणाले. "चिपळूणच्या. त्यांच्यामुळंच आलो."

उशीर ज्यांच्यामुळे झाला त्याही आम्हीच, हे सांगायची गरज त्यांना वाटली नाही. आम्हाला मुलाच्या आईशेजारी बसवलं. कपाळाला भस्म लावलं. त्यांच्या पुरोहिताने, म्हणजे स्वामींनी, मंत्र म्हटले, मुलीने मान खाली घालून अंगठी घातली आणि मुलाने मान वर करून घालून घेतली. मुलगी शिवकन्या नावाची, वडिलांसारखीच रुंद कपाळाची. विधी होताना अप्पा तिच्या मागे उभे होते, आणि दोन्ही हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं.

मग जेवण. बुंदी, पुऱ्या, वांग्याची भाजी आणि येसराची आमटी. भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची ही आमटी प्यायल्यावर मला मासळीची आठवण आली नाही, हे मी चिपळुणात अजून कबूल केलेलं नाही. आमच्याकडे 'वाढू का' विचारताना पातेलं थोडं मागे घ्यायची पद्धत आहे. इथे विचारतच नाहीत. पानावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात.

आम्ही जेवत असताना गावातल्या पोरांनी थोरली टेम्पोतून उतरवली. कुणीतरी कॉक उघडला, कुणीतरी किक मारली, आणि पहिल्याच किकला ती चालू झाली. दारात उभी राहून ती आपली धडधडत होती, आणि पोरं शिवकन्येला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला फोटोसाठी साइडकारमध्ये बसवत होती.

मुलाच्या आजी ताईंना म्हणाल्या, "गाडी बरी झाली जनू तुमची?"

"तिला काही झालं नव्हतं," ताई म्हणाल्या. त्यांना दुसरं काही सांगताच आलं नसतं.

अप्पा आग्रह करायला बुंदीचं ताट घेऊन समोरच उभे होते. ते खाली बसले, ताईंच्या पानात बुंदी वाढली आणि हळूच म्हणाले, "ठाव हाय, ताई."

"बास," ताई म्हणाल्या. बुंदीबद्दल असावं. मान त्यांनी वर केली नाही.

आम्ही तिथे दोन दिवस राहिलो, कारण निघू देत नव्हते. मग थोरली आपल्या चाकांवर चिपळूणला परत आली. ताई आता पलीकडचं विचारलं की बुंदीबद्दल सांगतात. दौडीच्या अहवालात आमच्या नावापुढे 'इंजिन निकामी' असं लिहिलेलं आहे. ते कसं आलं तेवढं सांगते.

जेवणं उरकता उरकता अप्पांचा फोन वाजला. साहेबांचा आवाज एवढा मोठा होता की मला सगळं ऐकू येत होतं. शेवटच्या गाडीचं काय, असं त्यांनी विचारलं.

"बाद झाली, सायेब. जिंतूरच्या म्होरं."

"कारण काय लिहू?"

अप्पांनी ताईंकडे पाहिलं. ताई मांडवाच्या छताकडे बघत होत्या.

"इंजिन बसलं, सायेब. सोता पाह्यलं मी."

"पूर्ण?"

"पूर्न."

दारात थोरली चालूच होती.

"मग हा आवाज कसला येतोय?"

"हलगी हाय, सायेब," अप्पा म्हणाले. "घरी साखरपुडा हाय."

हलगीवाले मांडवाच्या कडेला बुंदी खात बसले होते. अप्पांनी फोन कानाला तसाच धरून मोकळ्या हाताने त्यांना खूण केली. त्यांनी बोटं पुसली आणि हलग्या उचलल्या.